आकाशात नसलेला कवडसा

१

आमच्या पडवीत साठ वॅटचा पिवळा बल्ब आहे आणि त्याच्यापायी माझं आणि माझ्या वडिलांचं, आबांचं, निदान शंभर वेळा भांडण झालं आहे.

पवना धरणाच्या फुगवट्याच्या पूर्वेला, उतारावर आमचं घर. समोर पाणी. पाण्यापलीकडे काठाला आमचा जमिनीचा एक तुकडा, बाकीचं धरणात गेल्यावर उरलेला. त्याच्यामागे तुंगाचा सुळका. हिवाळ्यात त्या तुकड्यात हरभरा असतो आणि हरभऱ्यावर रानडुकरं. म्हणून थंडीचे दोन महिने आबा रोज दिवस मावळता होडी घेऊन पलीकडे जातात, राखणीच्या माळ्यावर झोपतात आणि उजाडलं की परत येतात.

पोहोचले की ते काठावरून बॅटरी दोनदा चमकवतात. घरातून आम्ही पडवीतला बल्ब एकदा विझवून पुन्हा लावायचा. म्हणजे तुम्ही पोहोचलात हे कळलं, इकडे सगळं ठीक आहे. उत्तर दिसलं नाही तर आबा तसेच माघारी फिरतात. चार वर्षांपूर्वी आईला याच पडवीत फुरसं चावलं. मी तेव्हा तळेगावला होस्टेलवर होते, घरात दुसरं कोणी नव्हतं. दिव्याचं उत्तर आलं नाही म्हणून आबा अंधारात वल्हं मारत परत आले आणि आई वाचली.

हे सगळं मला मान्य आहे. पण बल्ब पिवळाच का? तर काठावरच्या कॅम्पवाल्यांचे सगळे दिवे पांढरे, आपला पिवळा असला की लांबून ओळखू येतो. आबा कामशेतच्या एका दुकानातून जुना माल शोधून आणतात.

मला त्या पिवळ्या उजेडाचा त्रास होतो कारण मी उपग्रहांचे फोटो काढते. सूर्य आपल्याकडे मावळतो, पण पाचशे-हजार किलोमीटर उंचीवर तो अजून असतो. तिथून जाणाऱ्या उपग्रहाची एखादी सपाट पाटी बरोबर कोनात आली, की तिच्यावरून सूर्याचा कवडसा थेट आपल्या अंगणात पडतो. आकाशात एक ठिपका उगवतो, शुक्रापेक्षा तेजस्वी होतो आणि पाच-सात सेकंदांत विझतो. त्याची वेळ सेकंदापर्यंत आधी सांगता येते. बी.एस्सी. झाल्यापासून घरी बसून मी एवढं एकच काम मन लावून करत होते. जुना कॅमेरा, तीन पायांचं स्टँड, तीस सेकंदांचं एक्स्पोजर. आणि प्रत्येक फोटोच्या कडेला पिवळा डाग.

"आबा, फोन आहे ना. पोहोचलात की मिस कॉल द्या."

"फोनला रेंज नसती."

"पलीकडे फुल रेंज आहे. कॅम्पवाली पोरं तिथून लाइव्ह करतात."

"मग त्यांना दे मिस कॉल," आबा म्हणाले आणि होडीकडे उतरले.

२

संक्रांतीनंतरचा आठवडा होता. सात वाजून नऊ मिनिटांनी पश्चिमेला एक उपग्रह येणार होता. तो आला, पण चमकला नाही. असं होतं. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिला.

आकाश रिकामं होतं. पाण्यात कवडसा होता.

पाणी शांत असलं की कवडशाचं प्रतिबिंब पडतं, माझ्याकडे तसे वीसेक फोटो आहेत. वर एक पांढरी रेघ, खाली तिचीच उलटी रेघ. या फोटोत खालची तेवढी होती.

मी घाबरले नाही. मला राग आला. आरशात जे दिसतं ते आरशासमोर असावंच लागतं, हे सातवीच्या पोराला कळतं. फ्रेमच्या बाहेर, वर काही असेल म्हणावं, तर त्याचं प्रतिबिंबही फ्रेमच्या बाहेर खाली पडायला हवं. मग भिंगाचा दोष. बल्बचा उजेड भिंगात उलटसुलट होऊन खोटा ठिपका उमटतो. मी कॅमेऱ्याच्या बाजूला काळी चादर टांगली.

दुसऱ्या दिवशी चादर होती आणि रेघही होती. पुढच्या तीन दिवसांत मी लेन्स बदलून पाहिली, कॅमेरा अंगणात नेला, घराच्या मागून वर चढून टाकीवर ठेवला. रेघ प्रत्येक ठिकाणाहून पाण्यातल्या त्याच जागी दिसत होती. भिंगातला दोष असता तर तो माझ्याबरोबर फिरला असता.

पाचव्या दिवशी मी पाचही फोटो लॅपटॉपवर पलीकडचा काठ जुळवून एकावर एक ठेवले. जागा तीच नव्हती. ती रोज थोडी अलीकडे सरकत होती, आमच्या काठाकडे. आणि मोठं करून पाहिल्यावर ती रेघ एक नव्हती. मध्ये छोटी काळी फट होती.

दोनदा चमकल्यासारखी.

३

बहिरू काका आमच्या खालच्या अंगाला जाळी टाकतात. ठाकरवाडीतले. धरणाचं पाणी त्यांना जेवढं ठाऊक आहे तेवढं पाटबंधारे खात्यालाही नसेल.

"काय परेरनाताई, आज कुनाचा फोटू? देवाचा का इमानाचा?"

"तुमचाच काढते. हसा."

"नगं. आमचा फोटू रेशन कार्डावर हाय तेवडा बास."

मी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला आणि पाण्यातली रेघ दाखवली. ते वाकून बघत राहिले. मग कॅमेऱ्याला लागलेलं बोट त्यांनी चड्डीला पुसलं.

"ह्यो कंदीपास्नं?"

"पाच दिवस. तुमच्या जाळ्याचा दिवा आहे का?"

"आमी पान्यावर दिवा लावीत न्हाई." त्यांनी वर आमच्या पडवीकडे पाहिलं. "घरनं कुनी जाब दिला का त्याला?"

"कोणाला? उपग्रहाला?"

"न्हाई ना दिला? मग ऱ्हाऊ द्या."

"काय राहू द्या? नीट सांगा ना. तुम्ही मोठी माणसं अर्धवट बोलता आणि मग आम्ही ऐकत नाही म्हणून ओरडता."

"पुरतं म्हाईत असतं तर पुरतं बोललो असतो की," ते शांतपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांची जाळी कुंपणावर वाळत होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मी आईला विचारलं, तर म्हणाली, मासळी लागत नसेल. मीही तेच धरून चालले.

४

मग आबांची कंबर धरली. दोन दिवस ते आतल्या खोलीत खाटेवर पडून होते आणि पलीकडे डुकरांना रान मोकळं होतं. पलीकडे आपलं माणूस नसेल त्या दिवशी पडवीतला बल्ब लावायचाच नाही, हा आईचा नियम. मला तो एकच नियम आवडायचा. दुसऱ्या संध्याकाळी पडवीत छान काळोख होता.

सात वाजून पाच मिनिटांनी पाण्यावर उजेड दोनदा चमकला.

कॅमेऱ्यात नाही. मी डोळ्यांनी पाहिला. पांढरा, निळसर, कवडशासारखाच थंड. निम्मं पाणी ओलांडून अलीकडे आलेला. वर आकाशात काही नव्हतं. तिथं होडी नव्हती, निदान वल्ह्याचा आवाज नव्हता. कॅम्पवरच्या स्पीकरवर कुठलं तरी गाणं चालू होतं, ते मध्येच थांबलं.

आतून आबांच्या खोकल्याचा आवाज आला. म्हणजे ते घरात होते. मी हे मनात स्वतःला सांगितलं, हे मला आठवतं.

मग माझ्यातली बी.एस्सी. जागी झाली. उपग्रहाला आमचा बल्ब दिसत नाही. पाण्यावरच्या प्रतिबिंबालाही दिसत नाही. मी उत्तर दिलं आणि काही झालं नाही, की विषय संपला. कॅमेरा एकामागून एक फोटो काढतच होता. मी उठले, पडवीतला बल्ब लावला, विझवला, पुन्हा लावला.

आई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"काय केलंस?"

"प्रयोग."

"मानूस घरात असताना?"

"आई, ते प्रतिबिंब आहे."

"परतिबिंब हाय तर त्याला उत्तर कशाला दिलंस?" तिनं बल्ब विझवला. हात बटणावरच ठेवून ती पाण्याकडे बघत राहिली. पाणी काळं होतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काहीही झालं नाही.

"बघ," मी म्हणाले. "झालं समाधान? आता हे वेड बंद करा घरातलं."

आई आत गेली. तिनं जोरात भाकरी थापायला घेतली.

जेवायच्या आधी मी फोटो लॅपटॉपवर घेतले. उत्तर देण्याआधीच्या फोटोत पाण्यातला ठिपका पांढरा होता. उत्तर दिल्यानंतरच्या फोटोत तो त्याच जागी होता, डोळ्यांना दिसला नव्हता इतका फिकट. पण पांढरा नव्हता. मी त्याचा रंग मोजला, मग त्याच फोटोच्या कडेला पडलेल्या आमच्या बल्बच्या उजेडाचा मोजला. आकडे सारखे आले.

मी ती फाइल कोणाला दाखवली नाही. हरलेली बाजू दाखवायची मला सवय नाही.

५

तिसऱ्या दिवशी आबा उठले आणि कमरेला फडकं आवळून बांधू लागले.

"आबा, आज जाऊ नका."

"का?"

सहा महिने मी या माणसाच्या प्रत्येक समजुतीची टिंगल केली होती. "पाण्यावर काहीतरी आहे," मी म्हणाले.

"तुजा उपग्रह पडला का?"

"चेष्टा नका करू. मी खरंच सांगतेय."

"दोन दिसांत डुकरांनी निम्मा हरबरा खाल्ला. त्यो तुजा उपग्रह भरून देनार हाय का?"

"मग जा," मी म्हणाले. "जा. मलाही रोज तुमच्यासाठी बटणापाशी उभं राहायचा कंटाळा आलाय." चार्ज केलेला फोन मी त्यांच्या खिशात कोंबला. त्यांनी तो काढला नाही. वाकत वाकत उतार उतरले आणि होडीत बसले.

आईला वरच्या वस्तीत अनिताकाकूकडे हळदीकुंकवाला जायचं होतं. निघताना दोनदा मागे फिरली. "मी येईस्तवर बल्ब इझवू नको. त्यांनी बॅटरी दावली की लगीच उत्तर दे. समजलं का?"

"समजलं. लहान आहे का मी?"

सात वाजून एकवीस मिनिटांनी एक निकामी उपग्रह येणार होता. गडगडत फिरणारा, जुना, आरशासारख्या पाट्यांचा. बरोबर तुंगाच्या सुळक्यावर. असा योग पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही, मी तीन आठवडे त्याची वाट पाहत होते.

आबा एरवी सातला पोहोचतात. सात झाले, सव्वासात झाले. कंबर दुखतेय, हळू जात असतील. सात अठराला मी बल्ब विझवला. डोळे अंधाराला सरावायला हवे होते आणि हा एक फोटो मला पिवळ्या डागाशिवाय हवा होता. चार-पाच मिनिटांचा प्रश्न होता.

तो वेळेवर आला. सुळक्याच्या डोक्यावर ठिपका उगवला, फुलला, पाण्यावर पांढरी वाट पडली. माझ्या हातांची सावली पडवीच्या भिंतीवर दिसली. मी श्वास रोखून वरच बघत होते. मग तो विझला.

मी पडद्यावर फोटो उघडला. सुंदर होता. वर रेघ, खाली रेघ, दोन्ही जागच्या जागी. आणि पलीकडच्या काठावर, शेताच्या खाली, एकाला लागून एक दोन बारीक ठिपके. आबांची बॅटरी.

मी धावत जाऊन बल्ब लावला. विझवला. लावला. पलीकडून काहीच आलं नाही. घड्याळात सात चोवीस झाले होते. मी दोनदा फोन लावला, आबांनी उचलला नाही. पावणेआठला माझ्या मागे, पडवीतल्या खाटेवर ठेवलेला फोन वाजला.

६

"दिवा दिसना म्हनून माघारी फिरलो," आबा म्हणाले. धाप लागली होती. वल्ह्याचा चुबूक चुबूक आवाज फोनमध्ये येत होता. "आई बरी हाय का?"

"आई ठीक आहे. आबा, चूक माझी झाली. तुम्ही फिरा, शेतावर जा."

"आता निम्म्यात आलोय. पाठ लय दुखतीय, घरीच येतो. पर दिवं दोन दिसत्यात गं. आपला कंचा?"

मी फोन स्पीकरवर टाकला आणि बटणापाशी गेले. "मी विझवून लावते. तो आपला."

"दोनी इझलं. दोनी लागलं."

"मग मी विझवूनच ठेवते. जो लागलेला राहील तिकडे येऊ नका." मी बल्ब विझवला. पडवी काळी झाली. "आता?"

"दोनी इझलं." ते जरा हसले. "लाव की. आंधारात कुटं येऊ मी?"

मी लावला. हात बटणावरच ठेवला. कॅमेऱ्याचा रोख पाण्याकडेच होता. मी दुसऱ्या हातानं त्याची कळ दाबली, चार सेकंद मोजले आणि आलेला फोटो मोठा करत गेले. पाण्याच्या मध्यावर पिवळा चौकोन. आणखी मोठा केला. चौकोनाला खांब होते, पायऱ्या होत्या, सगळं खाली डोकं वर पाय. तीन पायांचं स्टँड होतं. त्याच्याशेजारी कोणीतरी उभी होती, एक हात वर करून, बटणावर ठेवल्यासारखा. तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं. ती आबा येत होते त्या दिशेला बघत होती.

मी हात खाली घेतला. पुन्हा फोटो काढायचं धाडस मला झालं नाही.

"ही बघ, दिसलीस," फोनमधून आबा म्हणाले. "पडवीत हुबी हाईस. तुजं त्ये तीन पायांचं बी दिसतंय."

"ती मी नाही. आबा, मागे फिरा."

"आगं, आता काठ दोन कासऱ्यांवर ऱ्हायलाय."

"मागे फिरा म्हणते ना! जन्मभर कोणाचं ऐकलं नाहीत, आज तरी ऐका. कळत कसं नाही तुम्हाला?"

"वरडू नगंस," आबा म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "तुजं सारकं वरडनंच असतं."

आई उतारावरून आली. हातात वाणाची पिशवी होती, कपाळावर ताजं कुंकू होतं. माझा आरडाओरडा तिनं वाटेतच ऐकला असणार. ती पडवीत चढली आणि तिनं आधी पाण्याकडे पाहिलं, मग खाटेवरच्या फोनकडे.

वल्ह्याचा आवाज थांबला होता. लाकूड दगडाला घासल्याचा आवाज आला. आमच्या काठावर होडी नव्हती. बल्बच्या उजेडात आमच्या पायऱ्या, आमचा खुंटा, सगळं स्पष्ट दिसत होतं आणि तिथं कोणी नव्हतं.

"आलो गं," आबा फोनमध्ये म्हणाले. "धर दोर."

"द्या, आबा," फोनमधून एक मुलगी म्हणाली. "सावकाश उतरा. कंबर सांभाळा."

आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझे ओठ मिटलेले होते.

आवाज माझाच होता. सर्दी झाल्यावर थोडा घोगरा होतो तेवढासुद्धा फरक नव्हता. पण मी आबांशी असं कधी बोलले नव्हते.

"आज चिडली न्हाईस," आबा म्हणाले. त्यांना बरं वाटलं होतं, ते ऐकू येत होतं.

मी फोन उचलला आणि तोंडाशी धरला. "आबा, मी प्रेरणा. मी घरी आहे. आई इथं माझ्याजवळ उभी आहे. आबा, होडीत बसा परत. मी नाही रागावत. पुन्हा कधी रागावणार नाही. आबा."

फोनमध्ये पाणी हलल्याचा आवाज आला.

"फोनवर कोन हाय बघ गं," आबा फोनपासून तोंड लांब नेऊन म्हणाले. "तुज्यावानीच बोलतीय. लय रडतीय."

"कोणी नाही, आबा," ती म्हणाली. "द्या तो फोन इकडे. चला आत, जेवायला वाढते."